बंदुकीची दारू खाल्लीस का?

हाँगकाँगच्या कँटोनीज भाषेत कुणी टाकून बोललं की लोक त्याच्या तोंडालाच नावं ठेवतात. ‘खॉय पा हौ होउ छौ’, म्हणजे त्याच्या तोंडाला फार घाण येते. खऱ्या मुखदुर्गंधीलाही ‘हौ छौ’च म्हणतात, कुठला अर्थ घ्यायचा ते प्रसंगावरून कळतं. यातला ‘पा’ मला फार आवडतो. छत्री, कात्री अशा मुठीत धरायच्या वस्तू मोजताना जो शब्द लावतात, तोच इथे बोलणाऱ्या तोंडाला लावलाय. आपण तोंड चालवतो म्हणतोच की!

खोचक, वर नाक करून बोलणारा तो ‘छ्युन’. चेहरा पाडून तुटक उत्तरं देणारा ‘हक हौ हक मिन’, काळं तोंड नि काळा चेहरा. अभद्र बोलणाऱ्याचं तोंड कावळ्याचं, ‘वू आ हौ’. त्याला थुंकून पुन्हा नीट बोलायला लावतात.

हाँगकाँगमध्ये शाम शुई पो भागातल्या एका छा छान थेंगमध्ये, म्हणजे चहा-जेवणाच्या साध्या हॉटेलात, मी दुपारी जेवते. गर्दीच्या वेळी तिथे अनोळखी माणसांच्या टेबलावर बसवतात, आणि मेनू हातात घेईपर्यंत वेटरकाका ‘सिक मे आ?’, काय खाणार, म्हणून अंगावर येतात. आवाज मोठा आणि वर दांडगाई, याला ‘ताय सेंग काप ऑक’ म्हणतात. परवा ते माझ्या शेजारच्या आजींवर असेच खेकसले. आजींनी चष्म्यावरून बघत विचारलं, “सिक चॉ फॉ योक आ?” बंदुकीची दारू खाल्लीस का? काका क्षणभर थांबले, “सकाळपासून एकटाच आहे हो,” म्हणाले आणि दुधाचा चहा हळू ठेवून गेले.

हा वाक्प्रचार मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. घाण तोंड म्हटलं की माणसावर कायमचा शिक्का बसतो. दारू खाल्ली म्हटलं की आज काहीतरी बिनसलंय, एवढंच. चिडलेल्याला सावरायला जागा राहते, आणि ऐकणाऱ्यालाही मुकाट सोसावं लागत नाही. दिवसभर उभं राहून राबणाऱ्यांशी बोलताना अशी वाक्यं जवळ हवीतच.

कँटोनीज शिकायला घेतलीत तर हे वाक्य लवकर शिका, पण ओळखीच्या माणसालाच म्हणा. ‘हौ छौ’ समजण्यापुरतं ठेवा. तोंडावर म्हटलंत तर भांडण होईल.