यादीत मी नव्हते

28 मार्च 2020 ला, कोरोनाच्या टाळेबंदीत, आमचा पट्टा पडला, म्हणजे हंगामाची तोड संपली. पाटोदा तालुक्यातून कृष्णाकाठच्या एका कारखान्यावर ऊसतोडीला आलो होतो, मालक म्हणजे माझा नवरा आणि मी मिळून एक कोयता, म्हणजे तोडणीची एक जोडी. कोपी, म्हणजे आमची राहायची झोपडी, मोडून बांबू-चटया ट्रकात भरल्या, बैल चढवले नि 30 तारखेला निघालो. फार लांब गेलोही नसू, नाक्यावर पोलिसांनी ट्रक वळवला. आदल्याच दिवशी केंद्राचा हुकूम निघाला होता, की मजूर जिथं आहे तिथंच थांबवा, वाटेत सापडला तर 14 दिवस वेगळा ठेवा.

रात्री परत त्याच माळावर. मोबाईलच्या उजेडात कोपी पुन्हा उभी केली. सकाळी बघतो तर भोवती दोरी, दोरीपाशी होमगार्ड आणि बोर्ड: 'निवारा केंद्र'. कोपी आमची, चूल आमची, निवारा सरकारचा!

खायला मिळालं, खोटं कशाला बोलू. पीठ, तांदूळ, डाळ यायची. हाल झाले ते बायांचे. हंगामात उसाच्या आडोशाला जायचो. आता आजूबाजूचा सगळा ऊस आम्हीच तोडून ठेवलेला, उघडं रान. त्यात दोरीबाहेर जायचं तर होमगार्डला विचारायचं. तो माझ्या धाकट्या भावाएवढा, तोच बिचारा मान फिरवून उभा राहायचा. चार-पाच जणी मिळून पहाटे तीनला उठायचो आणि दिवसभर पाणी बेतानं प्यायचो. बैलांचं तर विचारूच नका. तोड थांबली की वाढं, म्हणजे उसाच्या शेंड्यांचा चारा, संपतं. शिधा माणसांना होता, त्यांना कोण देणार?

17 एप्रिलला सरकारनं गावी जायची परवानगी दिली. 38 कारखान्यांवर 1 लाख 31 हजार मजूर आहेत, असं बातम्यांत आलं. वाटलं, सुटलो. पण तपासणीच्या रांगेत कारकुनानं यादी बघितली, तर माझं नावच नाही. यादी आम्हाला तोडीला आणणाऱ्या मुकादमाच्या वहीवरून उतरवलेली, आणि वहीत कोयता नवऱ्याच्या नावानं. उचल, म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे, त्यांच्या नावावर, अंगठा त्यांचा. पाच महिने मोळ्या मीही डोक्यावरून वाहिल्या, पण त्या 1 लाख 31 हजारांत मला कुणी धरलं होतं का, देव जाणे.

"नाव नाही तर दाखला नाही."

मालक मुकादमाला शोधायला पळाले. मी रांग सोडली नाही. मागच्या बायांना म्हटलं, आपापलं नाव बघून घ्या गं. आणखी सहा जणी निघाल्या. शेवटी तपासणाऱ्या डॉक्टरबाईच वैतागल्या, "अहो, समोर उभ्या आहेत ना त्या? लिहा." मग आधार कार्ड बघून कारकुनानं खाली पेनानं आमची सात नावं वाढवली.

21 ला ट्रक सुटला. बीडच्या हद्दीवर छापील नावांवर भराभर खुणा झाल्या. पेनाच्या सात नावांसाठी तासभर फोनाफोनी.

गावात शिरायचं नाही, शेतातच राहायचं, असा सरपंचांचा निरोप आधीच आला होता. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, आमच्या पोरीला कडेवर घेऊन बांधापर्यंत आल्या आणि तिथंच थांबल्या. बैलांना मात्र कसली मनाई नव्हती. मामांनी, म्हणजे सासऱ्यांनी, दावी सोडली आणि त्यांना घरी घेऊन गेले.