नारुताकीच्या दगडावरची रेघ

मार्चमध्ये एक आजोबा दुकानात आले, वर्तमानपत्रात गुंडाळलेला दगड आणि एक सुरी घेऊन. मी साकाईत, म्हणजे ओसाकाच्या दक्षिणेला, सुऱ्यांना धार लावायचं काम करतो, सात वर्षं झाली. इथे सुरी घडवणारा वेगळा, धार काढणारा वेगळा, मूठ बसवणारा वेगळा. मी घण कधी उचलला नाही, पण दगड मला कळतो.

सुरी यानागिबा होती, साशिमीचे, म्हणजे कच्च्या माशाचे काप काढायची, एकाच बाजूने धार असलेली. आजोबा निवृत्त आचारी. घेतली तेव्हा 30 सेंटीमीटर होती म्हणाले, मी मोजली तर 24 पण भरली नाही, बाकीची सगळी दगडांवर गेली. शेवटचा हात याच दगडावर फिरव, एवढंच त्यांचं सांगणं.

दगड नारुताकीचा, क्योतोच्या पश्चिमेच्या डोंगरातला आवासेदो, म्हणजे शेवटचं फिनिशिंग करायचा दगड. वीस-पंचवीस कोटी वर्षांपूर्वी समुद्रतळाशी बसलेला गाळ आहे हा, आणि तिथल्या बहुतेक खाणी आता बंद झाल्यात. लोक ऑनलाइन शिक्का बघून असे दगड घेतात आणि शिक्के तर खोटेही मारतात, दगड पाण्याने ओला करून बोट फिरवल्याशिवाय काही कळत नाही. हा अस्सल होता. फक्त एका कोपऱ्याजवळ केसाएवढी काळी रेघ होती. अशा रेघेला सुजी म्हणतात, काही निरुपद्रवी असतात, काहींत कडक कण दडलेला असतो. मी नख फिरवलं, कुठेच अडकलं नाही.

आधी 1000 आणि 3000 नंबरचे कृत्रिम दगड (नंबर जितका मोठा तितके दगडाचे कण बारीक), बर म्हणजे काठावर उलटलेली धातूची बारीक कड काढली, मग नारुताकी. हा दगड भिजत घालायचा नाही, थरांत पाणी गेलं तर फुटतो, नुसतं वर पाणी शिंपडायचं. त्याच जातीचा छोटा तुकडा घासून थोडा चिखल काढायचा आणि त्या चिखलातच काम करायचं, पाणी घालून तो धुवून टाकायचा नाही, कारण घासता घासता कण बारीक होत जातात आणि तेच खरं काम करतात. नैसर्गिक दगडावर नंबर लिहिलेला नसतो तो म्हणूनच. हळूहळू चिखल काळा झाला, सुरीच्या अंगाचं मऊ लोखंड धुकट राखाडी झालं आणि काठाचं पोलाद चकाकायला लागलं. याला कासुमी म्हणतात, कासुमी म्हणजे धुकं. इतकं सुंदर धुकं माझ्या हातून क्वचितच उतरलंय.

आणि तेवढ्यात किर्र्. एकदाच. पुसून बघितलं तर पोलादावर तिरपा ओरखडा, काठापर्यंत पोचला नव्हता पण नखाला लागत होता.

मालकांनी पहिला प्रश्न विचारला, फडकं कुठलं वापरलंस? मी हात धुतले होते, सुरी धुतली होती, बादलीचं पाणीपण बदललं होतं, पण फडकं तेच होतं ज्याने 1000 च्या दगडानंतर सुरी पुसली होती, म्हणजे त्या दगडाचा भरड कण त्यात अडकलेला असू शकतो. आमच्याकडे एक सहकारी आहे, सगळ्या बादल्यांमध्ये एकच फडकं फिरवतो, मी त्याला वर्षभर सांगतोय आणि त्या दिवशी मीच तेच केलं.

नंतर मऊ लोखंडाची पट्टी घेऊन त्या रेघेवरून शंभरेक वेळा घासली. काहीच नाही. म्हणजे दोष फडक्याचा? पण रेघेत एकच कण असेल आणि तो त्याच वेळी निघून गेला असेल तर पट्टीवर काही उमटणारच नाही ना.

आजोबा संध्याकाळी आले तेव्हा मी सगळं सांगितलं, फडक्याचंसुद्धा. परत 1000 वर जाऊन ओरखडा काढून देतो, पैसे नकोत म्हटलं. त्यांनी सुरी उजेडात तिरकी धरून बराच वेळ बघितली आणि नको म्हणाले, तेवढ्यासाठी पोलाद घालवू नकोस, पुढच्या दोन-चार वेळा धार लावताना जाईल तो आपोआप. तीस वर्षं जपून झिजवलेली सुरी आहे, त्यांचं बरोबरच होतं, पण मला ती तशी परत देणं फार जड गेलं.

जाताना त्यांनी विचारलं, ती रेघ टोकदार खिळ्याने कोरून काढू का? तसं करतात खरं. पण दोष फडक्याचा असेल तर मी एका चांगल्या दगडाला कायमची चीर पाडायला सांगेन. बघून सांगतो म्हणालो. आता ऑगस्ट चालू आहे, दगड माझ्याकडेच ठेवून गेलेत, आणि आजही सकाळी मी त्यावर पट्टी घासून बघितली.