आज 'वॉक'ला बंदी

संध्याकाळी भाचीला घेऊन गंगेवर (आम्हा नाशिककरांची गंगा म्हणजे गोदावरी) गेले. वही-बिही काही नाही. माणसं कशी चालतायत ते इंग्रजीत सांगायचं, फक्त 'वॉक' म्हणायचं नाही. गाठोडी घेतलेले दमलेले यात्रेकरू 'ट्रज'. बुधवारच्या बाजारात भाव विचारत रमतगमत फिरणारे काका 'स्ट्रोल'. रामकुंडाच्या ओल्या पायऱ्यांवरच्या आजींना ती 'टिपटो' म्हणाली आणि आमची जुंपली. टिपटो चवड्यांवर, आजी तर पाय न उचलता सरकवत होत्या! शेवटी 'शफल'वर तह. 'वॉक स्लोली' चुकीचं नाही हो, पण त्यात दमणं, ऐट, भीती काही दिसतच नाही. (क्रियाविशेषणांवर माझा जुना राग आहे.) मेन रोडच्या गर्दीत तिने विचारलं, "मावशी, आता आपण?" म्हटलं, 'स्क्वीझ'! उद्या म्हणे 'से'ला बंदी.