काउबचे २५ सेंटिमीटर

जर्मनीत ड्युसबुर्गच्या ऑफिसात मी ऱ्हाइन नदीवरच्या मालवाहू जहाजांचं नियोजन बघायचो. रोज सकाळी पहिला आकडा बघायचा तो काउबच्या पेगेलचा, म्हणजे पाणीपातळी मोजणाऱ्या पट्टीचा. काउब म्हणजे नदीकाठचं छोटं गाव: हजाराच्याही आतली वस्ती, उतारावर द्राक्षमळे, डोंगरात पाटीच्या दगडाच्या जुन्या खाणी, नदीच्या मधोमध खडकावर चौदाव्या शतकातला जकातीचा किल्ला. पण मध्य ऱ्हाइनचं सर्वांत अडचणीचं उथळ पात्र इथलंच. त्यामुळे ड्युसबुर्गहून मानहाइमकडे निघणाऱ्या जहाजात माल किती भरायचा, ते हे गाव ठरवतं.

ऑक्टोबर २०१८. एरवी अडीच हजार टन नेणाऱ्या ११० मीटरच्या जहाजावर मी ६०० टन लावले. कप्तान म्हणाले, "चारशे. वर एक टनही नाही." ग्राहक खोळंबला होता, मी हुज्जत घातली. ते चारशेवरच थांबले आणि म्हणाले, "कोब्लेंझला चढा माझ्याबरोबर. डोळ्यांनी बघा."

२२ तारखेला, सोमवारी, पेगेल २५ सेंटिमीटरवर आला. इतकं खाली पाणी तिथे कधी नोंदलंच गेलं नव्हतं. पेगेलचा शून्य म्हणजे नदीचा तळ नव्हे. २५ असताना जलमार्गात साधारण १ मीटर ३७ सेंटिमीटर पाणी असतं. हे मी ग्राहकांना कितीदा समजावलं होतं! कागदावर ते पुरेसं वाटायचं.

लोरेलायचा कडा मागे पडला तसा कप्तानांनी वेग उतरवला. "प्रवाहाविरुद्ध जोर दिला की जहाज मागून खाली बसतं," ते म्हणाले. "आणि इथे तळ वाळूचा नाही, खडकाचा." दोन्ही काठांनी मालगाड्या धडधडत चालल्या होत्या. किल्ल्याभोवतीचे खडक उघडे पडले होते. खोली दाखवणाऱ्या यंत्रावर जहाजाखालचं पाणी ३० सेंटिमीटर झालं, मग २२, मग १४. व्हीलहाऊसमध्ये कुणी बोलेना.

मी रत्नागिरीचा. आमच्या खाडीत पाणी उतरलं तर तांडेल भरतीची वाट बघतो, सहा तासांत होडी हलते. इथे भरती नाही, आणि वरच्या अंगाला इफेत्सहाइमला शेवटचा बांध आहे, त्याच्या खाली पाणी अडवून धरणारा एकही बांध नाही. आल्प्सकडे आणि या खोऱ्यात पाऊस पडेल तेव्हाच नदी वाढणार.

आकडा पुन्हा ३० वर गेला तेव्हा कप्तानांनी हात पुसले. चारशेच्या जागी सहाशे असते तर काय झालं असतं, ते मी विचारलं नाही. बाखराख दिसू लागल्यावर ऑफिसला फोन लावला आणि उद्याच्या जहाजावरचे ५५० टन खोडून ३८० करायला सांगितले.