तुमचं कोण आहे आत?

ठाण्यात किल्ला आहे म्हटलं की समोरचा पहिल्यांदा घोडबंदर म्हणतो, ट्रेकिंगवाला असेल तर आसनगावचा माहुली म्हणतो, आणि नाही हो, अगदी गावात, स्टेशनवरून चालत जाता येईल असा, म्हटलं की डोकं खाजवायला लागतो. मग मी सांगते, कोर्ट नाक्यावरून कळव्याकडे जाताना मोठी भिंत लागते बघा, ती. यावर सगळ्यांचं एकच. "अगं, ते जेल आहे!"

जेलच आहे, मान्य. पण जेल नंतरचं. आधी किल्ला, आणि तोही नावापुरता नाही, चांगला लढलेला. साधारण 1730 च्या सुमारास पोर्तुगीजांनी तो खाडीच्या काठावर बांधायला काढला, कारण साष्टी बेटात, म्हणजे आजच्या मुंबई उपनगरांच्या भागात, शिरायचा दरवाजा म्हणजे ठाणं आणि पलीकडे मराठे टपलेले. बांधकाम पूर्ण व्हायच्या आतच 1737 मध्ये चिमाजी आप्पांच्या मोहिमेत मराठ्यांनी तो घेतला आणि उरलेलं काम त्यांनी केलं. म्हणजे एकाने पाया घातला, दुसऱ्याला पझेशन मिळालं. ठाण्याला हे काही नवीन नाही.

आता हा किल्ला बघायचा कसा? माझ्यासारखी माणसं सुट्टीच्या दिवशी उठून लोहगड, राजमाची करून येतात, गुडघे धरून घरी येतात, आणि घरापासून दोन रिक्षांच्या अंतरावर असलेल्या किल्ल्यात मात्र शिरता येत नाही, म्हणजे शिरता येतं, पण त्यासाठी जे करावं लागतं ते करायची माझी तयारी नाही. तर मी ठरवलं की निदान बाहेरून तरी नीट बघायचा. रिक्षातून नाही, चालत, सकाळच्या वेळी, उन्हं चढायच्या आत.

चालत गेलं की पहिली गोष्ट कळते ती ही की आपण आजवर याच्याकडे बघितलेलंच नाही. त्या रस्त्यावर आपण कायम कळवा ब्रिजचं ट्राफिक बघत असतो, सिग्नल किती सेकंदांचा आहे ते बघत असतो. भिंत असते बाजूला. वर तारा असतात, मध्ये कुठेतरी पहाऱ्याची चौकी दिसते, त्यामुळे डोळ्याला ते सरकारी वाटतं आणि सरकारी भिंतीकडे कोण बघतं? पण जरा थांबून बघितलं की खालचा काळा दगड वेगळा दिसायला लागतो. सांध्यांत पावसाळ्यात उगवून वाळलेलं गवत, कुठे पिंपळाचं रोप नुकतंच उपटून काढल्याची ओली खूण, आणि जरा पुढे भिंत सरळ जायची सोडून पोट काढून वळते. आपण किल्ल्यांवर हिंडलेले असू तर त्या वळणाला आपोआप बुरूज म्हणतो. मी म्हटलं. एकटीच होते, तरी मोठ्याने म्हटलं.

फोन बाहेर काढला आणि लगेच आवाज आला. "ओ मॅडम, फोटो नाही काढायचा." पोलीस तरुण होता, रागावलेला वगैरे नव्हता, दिवसातून दहा जणांना सांगत असेल. काय काम आहे विचारलं. मी म्हटलं किल्ला बघायला आलेय. त्याने माझ्याकडे, मग भिंतीकडे, मग परत माझ्याकडे बघितलं. "इथे किल्ला नाही मॅडम. जेल आहे." मी म्हटलं पोर्तुगीजांनी बांधलाय. "असेल," तो म्हणाला, "पण फोटो नाही."

बरोबरच आहे त्याचं. पहाऱ्याचं काम करणाऱ्याला इतिहासात शिरून चालत नाही. आणि या किल्ल्याच्या पहाऱ्याची एक गंमत तर फारच भारी आहे. दुसऱ्या बाजीरावाचे कारभारी त्रिंबकजी डेंगळे, 1815 मध्ये पंढरपुरात बडोद्याच्या गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन यांचा खून झाला त्याचा ठपका त्यांच्यावर आला, आणि इंग्रजांनी त्यांना आणून ठेवलं ते ठाण्याच्या या किल्ल्यात. पहाऱ्याला मुद्दाम सगळे गोरे शिपाई, का तर देशी शिपायांवर विश्वास नाही, फितूर होतील. झालं काय, किल्ल्यातल्या एका साहेबाच्या पदरी एक मराठा मोतद्दार, म्हणजे घोड्यांची निगा राखणारा, होता, तो त्रिंबकजींच्या खिडकीजवळ घोडा खरारा करता करता रोज गाणी म्हणायचा. कुठे माणसं थांबलीत, कुठे घोडा तयार आहे, सगळा प्लॅन गाण्यात. गोरे शिपाई शेजारी उभे राहून ऐकतायत, माना डोलावतायत, आणि कळत काहीच नाही. सप्टेंबर 1816 मध्ये त्रिंबकजी पसार. मुंबई-ठाण्यात राहून मराठी आलं नाही म्हणून बिघडत नाही असं म्हणणाऱ्यांना मी हा किस्सा नेहमी सांगते. ईस्ट इंडिया कंपनीचं बिघडलं होतं!

तर पोलिसाने हटकल्यावर मी पुढे सरकले आणि गेटच्या अंगाला जिथे माणसांची रांग लागते तिथे पोचले. ही रांग किल्ल्याच्या नादात डोक्यात आलीच नव्हती. मुलाकातीला आलेले लोक. कोणी कल्याणहून आलेलं, कोणी पार मोखाड्याकडून पहाटेची एसटी पकडून, हातात कापडी पिशव्या, प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये वकिलाचे कागद, आधार कार्डाची झेरॉक्स, कडेवर पेंगणारं पोर. मी सावली बघून कडेला उभी राहिले तर शेजारी एक आजी बसल्या होत्या, नऊवारीतल्या, पायातल्या चपलेचा अंगठा सेफ्टी पिनने जोडलेला. त्यांनी पिशवी जरा ओढून मला जागा केली आणि सहज विचारलं, "तुमचं कोण आहे आत?"

आता काय सांगणार? कोणी नाही, असं म्हटलं तर मग इथे काय करता. मी म्हटलं, "कोणी नाही आजी, ही जुनी भिंत बघायला आले." त्या म्हणाल्या, "काय बघायचं तिच्यात." त्यांचा नातू होता आत. केस उभीच राहत नाही म्हणाल्या, तारखेवर तारीख. मग पिशवीतून बाटली काढून मला पाणी विचारलं.

त्यानंतर घरी येऊन डोक्यात जे सुरू झालं ते असं, की आपण ज्यांना दुर्लक्षित किल्ले म्हणतो त्यात हा बसतो का? महाराष्ट्रातल्या बहुतेक किल्ल्यांवर रात्री चिटपाखरू नसतं. इथे रोज रात्री हजारो माणसं झोपतात, क्षमतेच्या कितीतरी पट, दाटीवाटीने. आपल्याकडचा सगळ्यात गजबजलेला किल्ला असेल हा. त्याला शिबंदी आहे, दरवाजा वेळेवर उघडतो आणि वेळेवर बंद होतो, भिंतीत रोप उगवलं तर कोणीतरी उपटतं. कारण त्याला काम आहे.

काम नसलेला बघायचा असेल तर बेलापूरला जा. पाम बीच रोड जिथे संपतो तिथे नवी मुंबई महापालिकेचं ते भव्य मुख्यालय, त्याच्या पलीकडे झाडीत बेलापूरचा किल्ला आहे. सिद्दी, पोर्तुगीज, मराठे असे सगळे त्यानेही बघितले, 1817 मध्ये इंग्रजांनी घेतला. तिथे फोटोला मनाई नाही, तिकीट नाही, पोलीस नाही. बुरुजात झाडाची मुळं हाताएवढी जाड शिरलीयत, दगड आणि मूळ यात कोणी कोणाला धरून ठेवलंय ते सांगता येत नाही, इतकं. खालून गाड्या सुसाट जातात. मी गेले तेव्हा तिथे दोन मुलं पबजी खेळत बसली होती, मला बघून जरा सावरून बसली, मग मी निरुपद्रवी आहे कळल्यावर परत खेळायला लागली. संवर्धन होणार अशा बातम्या अधूनमधून येतात. तिथले गाववाले सांगतात की इथून घारापुरीला भुयार जातं. जात नसेल, पण गावाने किल्ल्याची आठवण धरून ठेवलीय ती त्या भुयारावर, हेही काही कमी नाही.

ठाण्याच्या किल्ल्याला असली दंतकथा लागत नाही, खरंच इतकं घडलंय. डिसेंबर 1774 मध्ये इंग्रजांनी वेढा घातला, कारण गोव्याहून पोर्तुगीज आरमार साष्टी परत घ्यायला निघालंय अशी खबर होती. पहिला हल्ला आतल्यांनी उधळून लावला, इंग्रजांची बरीच माणसं मेली. दुसऱ्या दिवशी, 28 डिसेंबरला, किल्ला पडला आणि चिडलेल्या इंग्रजांनी आतल्या बहुतेक शिबंदीची कत्तल केली. त्यांचा आरमारी कमोडोर वॉटसन याच लढाईत गेला, आणि तोफेचा गोळा लागून नाही, गोळा शेजारच्या वाळूत पडला आणि ती वाळू उसळून अंगात घुसली. खाडीकाठची वाळू! हे वाचल्यापासून रेती म्हटलं की मला आधी वॉटसन आठवतो.

आणि मग जेल झाल्यावरचं. सावकार आणि इंग्रज दोघांविरुद्ध उठलेल्या राघोजी भांगऱ्यांना इथे 2 मे 1848 ला फाशी दिलं. नाशकात नाटकाच्या थिएटरात कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडणारे अनंत कान्हेरे, आणि बरोबर कृष्णाजी कर्वे नि विनायक देशपांडे, यांना 19 एप्रिल 1910 ला. कान्हेरेंनी विशी गाठली नव्हती. यावर मला जास्त लिहिता येत नाही. त्या जागेपासून थोडं चाललं की आपण मामलेदारची तिखट मिसळ खायला रांग लावतो, मीही लावते.

मधूनच चर्चा निघते, जेल हलवा, किल्ला मोकळा करा. मला आधी वाटायचं, कराच. आता तेवढी खात्री नाही. कैद्यांना जरा पाय पसरता येतील अशी जागा मिळणार असेल तर जेल उद्या हलवा, किल्ल्यासाठी म्हणून नको. कारण मोकळा झाला की काय होईल ते डोळ्यासमोर दिसतं, बुरुजाला रंगीत लायटिंग, आत फूड कोर्ट, दरवाज्यात लव्ह ठाणे लिहिलेला सेल्फी पॉइंट, आणि शेजारी पार्किंग. शिवाय जेलच्या भिंतीजवळ उंच बिल्डिंग बांधायला सुरक्षेमुळे बंदी असते. म्हणजे ठाण्याच्या मधोमध थोडं आकाश शिल्लक आहे ते त्या कैद्यांच्या जिवावर. जेल गेलं की त्या आकाशाचा भाव स्क्वेअर फुटात निघेल.

माझी मागणी त्यामानाने फारच किरकोळ आहे. रस्त्याच्या पलीकडे, फुटपाथवर, एक धड बोर्ड लावा. मराठीत, मोठ्या अक्षरात, 1730 पासूनचं सगळं, मोतद्दाराच्या गाण्यासकट. आणि जमलं तर त्या रांगेवर एक पत्र्याची शेड आणि चार बाकडी, खरं म्हणजे आधी शेडच.

ते होईपर्यंत पुण्याचे पाहुणे आले की गाईडचं काम माझ्याकडे. कोर्ट नाक्यावरून चालत नेते, समोरच्या फुटपाथने, बुरूज आला की थांबवते, डेंगळ्यांचा किस्सा सांगते, आणि सगळ्यात आधी फोन खिशात ठेवायला लावते.