आमची वाटचाल : आधी सॉस सांगा, मग बन ठरवू

नवी मुंबईच्या रबाळे एमआयडीसीतल्या गाळ्यात आमच्या बेकरीचं काम लादीपावाने सुरू झालं. ऐरोली, घणसोली, कोपरखैरण्याच्या वडापावच्या गाड्या हे पहिलं गिऱ्हाईक. पुढे त्याच गाड्यांवर आलू टिक्की बर्गर लागला आणि बऱ्याच जणांनी तो पावातच भरून दिला. बघायला ठीक, पण पार्सल घरी पोहोचेपर्यंत पाव खालून ओला होऊन फाटायचा. वडापाव हा मुळात कोरडा प्रकार आहे. तळलेला वडा, सुकी लसणाची चटणी, ओल्या चटणीचा फार तर एक हात. पावात साखर-तूप नावापुरतं, त्यामुळे जाळी मोकळी राहते, चटणी पटकन शोषली जाते, आणि तिथे तेच हवं असतं. बर्गरमध्ये मेयोनीज, केचप, टोमॅटोचं पाणी, वर गरम टिक्कीची वाफ. शिवाय पाव एका कडेला जोडलेला ठेवून चिरतात; बर्गरचे दोन्ही भाग सुटे, म्हणजे सगळा भार खालच्या चकतीवर.

म्हणून नवीन ऑर्डर घेताना आमचा पहिला प्रश्न बनचा नसतो. सॉस कोणता, किती ग्रॅम, आणि माणूस तिथेच उभ्याने खाणार की ठाण्याच्या घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमधून डबा जाणार, हे आधी विचारतो. बन त्यावरून ठरतो.

आमचा रोजचा चार इंची बन असा. 10 किलो मैद्यातला अर्धा किलो मैदा अडीच लिटर पाण्यात घालून 65 अंशांपर्यंत शिजवायचा, खळीसारखा दाट झाला की गार करायचा. शिजलेला मैदा जास्त पाणी धरून ठेवतो, बन दुसऱ्या दिवशीही मऊ राहतो. मग उरलेला मैदा, 3.8 लिटर पाणी, 1 किलो साखर, 300 ग्रॅम दूध पावडर, 110 ग्रॅम इन्स्टंट यीस्ट आणि 180 ग्रॅम मीठ. 800 ग्रॅम बटर शेवटी, पीठ ताणलं की पापुद्रा धरू लागल्यावर. बटर आधी पडलं तर मैद्याला चिकाटी यायला वेळ लागतो, तेवढा वेळ मिक्सर फिरतो आणि पीठ तापतं. यातून 65 ग्रॅमचे साधारण 280 गोळे पडतात. गोळा ट्रेवर ठेवल्यावर दहा मिनिटांनी तळव्याने चपटा करायचाच. नाहीतर बन उंच, क्रिकेटच्या चेंडूसारखा होतो आणि टिक्की कडेपर्यंत पोहोचत नाही. भाजणी 190 ते 200 अंशांवर 13 ते 15 मिनिटं, आतलं तापमान 93 आलं की बाहेर.

पिठाचं तापमान मिक्सरमधून काढताना 27 अंश हवं. त्यासाठी 27 ची तिप्पट 81, त्यातून खोलीचं तापमान, मैद्याचं तापमान आणि मळताना वाढणारी उष्णता (आमच्या मिक्सरला 10) वजा केली की पाणी किती गार हवं ते कळतं. मे महिन्यात खोली 33, मैदा 32 असेल तर पाणी 6 अंशांचं, म्हणजे बर्फ घालणं आलंच. जानेवारीत दोन्ही 24 असताना 23 अंशांचं पाणी चालतं. हे गणित टाळून बरेच कारागीर उन्हाळ्यात यीस्ट कमी करतात. गरम पीठ तरीही ट्रेवर जाईपर्यंत अर्धं फुगलेलं असतं, आणि बनला आंबूस वास येतो.

2016 साली एफएसएसएआयने, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, पोटॅशियम ब्रोमेटवर बंदी घातली तेव्हा ते वापरणाऱ्या बेकऱ्यांना इम्प्रूव्हर (पीठ नीट फुगावं म्हणून घालायची पूड) बदलावा लागला. आता अ‍ॅस्कॉर्बिक अ‍ॅसिड आणि एन्झाइमवाला वापरतात. बन तसाच उंच येतो, फक्त फुगवण्याच्या वेळेत ढिलाई चालत नाही.

पावसाळ्यात बुरशीची तक्रार आली की लोक प्रिझर्व्हेटिव्हकडे बोट दाखवतात. निम्म्या वेळा दोष पॅकिंगचा असतो. बनच्या मध्यातलं तापमान 32 अंशांखाली येण्याआधी पिशवी बंद केली तर आतून घाम सुटतो आणि बुरशी तिथूनच धरते.

आता आवडीनिवडी. नवी मुंबईच्या कॉलेजांजवळच्या गाड्यांना तिळाशिवाय साधा, किंचित गोड बन लागतो, कारण त्यांचा शेजवान सॉस तिखट-आंबट असतो आणि गोडी त्याला सांभाळून घेते. हिरानंदानी वसाहतीकडच्या कॅफेंना ब्रिओश (मुळात बटर-अंड्याचा फ्रेंच प्रकार) हवा असतो, तोही बिनअंड्याचा. ब्रिओशमध्ये बटर मैद्याच्या 25 टक्क्यांच्या वर जातं. खायला सुंदर, पण साखर-बटरमुळे तव्यावर लवकर करपतो, आणि उन्हाळ्यात डब्यातल्या वाफेत ढेपाळतो. पार्सल जास्त असेल तर आम्ही स्पष्ट नको म्हणतो. त्या जागी बटाट्याचा बन देतो. मैद्याच्या 20 टक्के उकडलेला, किसलेला बटाटा, पाणी त्या मानाने कमी. सर्वात जास्त वेळ मऊ राहणारा हाच. अडचण एकच: ठाण्याच्या नौपाड्यातल्या ज्या काउंटरवर जैन बर्गर विकला जातो, तिथे हा बन चालत नाही. टिक्की कच्च्या केळ्याची केली, कांदा-लसूण काढलं आणि बटाटा बनमधून आत आला, तर सगळं फुकट. म्हणून तो ट्रे आम्ही वेगळ्या रंगाच्या लेबलने पाठवतो. काळा कोळशाचा बन आम्ही करतो, पण त्याला चव काही नसते, फोटोसाठी घेतात.

गव्हाच्या बनची मागणी वाढतेय. 40 टक्क्यांपर्यंत आटा ठीक बसतो. त्यापुढे कोंडा पिठाची चिकाटी तोडतो, बन बुटका आणि भुरभुरीत होतो. शंभर टक्के गव्हाचा मऊ बन पाहिजे म्हणणाऱ्याला आधी नमुना चाखायला देतो.

सॉस करायला लागलो ते बन वाचवण्यासाठी. बाजारातलं पातळ मेयो 20 ग्रॅम ओतलं की कुठलाही बन टिकत नाही. आमचं बिनअंड्याचं मेयो : 100 मिली थंडगार दूध, 200 मिली रिफाइंड तेल, अर्धा चमचा मोहरी पूड, मीठ, आणि घट्ट झाल्यावर दीड चमचा व्हिनेगर. ब्लेंडर भांड्याच्या तळाला टेकवून सुरू करायचा आणि सावकाश वर घ्यायचा. दूध कोमट असलं की फुटतं. कच्च्या अंड्याच्या मेयोवर तेलंगणने 2024 मध्ये आणि तमिळनाडूने 2025 मध्ये वर्षभराची बंदी घातली. आपल्याकडे गिऱ्हाईक तसंही बिनअंड्याचं मागतं, पण फ्रीजबाहेर ठेवायची सूट त्यालाही नाही.

सध्या सर्वात जास्त जातो तो ठेचा मेयो. मिरची आणि लसूण तेलावर डाग पडेपर्यंत परतायची, पूर्ण गार करायची, मग जाडसर कुटून मेयोत मिसळायची. गरम ठेचा घातला की मेयो पाणी सोडतं. लसूण तेलात बुडवून ओट्यावर ठेवायची सवय मात्र धोक्याची आहे. हवा न लागता त्यात बोट्युलिझमचे (जीवघेण्या विषबाधेचे) जंतू वाढू शकतात. म्हणून व्हिनेगर घालायचं, फ्रीजमध्ये ठेवायचं आणि तीन दिवसांत संपवायचं. पुदिना मेयो दुसऱ्या दिवशी शेवाळी पडतं. पानं वीस सेकंद उकळत्या पाण्यात, लगेच बर्फाच्या पाण्यात, आणि लिंबू देताना पिळलं तर रंग जरा जास्त टिकतो.

रचायची आमची पद्धत ही. बनच्या कापलेल्या बाजूला बटर लावून मध्यम तव्यावर अर्धा मिनिट. तो खरपूस थरच ओल अडवतो. खाली 12 ग्रॅम मेयो, त्यावर कोरडं केलेलं आइसबर्ग लेट्यूस (सॅलडची पानं) किंवा बारीक कोबी, मग टिक्की, टिक्कीवर लगेच चीजची स्लाइस, त्यावर कांदा. टोमॅटो सर्वात वर, बिया काढून. मीठ टोमॅटोवर घालायचं नाही, ते पाणी ओढतं. केचप वरच्या बनला, 8 ते 10 ग्रॅम. पार्सल असेल तर तळलेली टिक्की जाळीवर मिनिटभर ठेवायची आणि डब्याला भोकं हवीत.

उरलेले बन फ्रीजमध्ये ठेवू नयेत. चार-पाच अंशांवर ते बाहेरच्यापेक्षा लवकर शिळे, रबरी होतात. भाजल्याच्या दिवशीच, पिशवीतली हवा काढून डीप फ्रीझरमध्ये टाकावेत. वापरायच्या दोन तास आधी बाहेर काढावेत, पिशवी न उघडता, म्हणजे बाहेरचा दमटपणा बनवर न बसता पिशवीवर बसतो. ठाण्यात आमची गाडी पहाटे येते. फ्रोझन माल हवा असेल तर आदल्या दुपारपर्यंत सांगावं लागतं, आणि सोबत सॉसचं नाव.