इया खोरं: नुसता पूल पाहून परतू नका

जपानच्या शिकोकू बेटाच्या मधोमध, तोकुशिमा प्रांताच्या पश्चिम भागात इया नावाचं डोंगरी खोरं आहे. ओसाकाहून सकाळी निघायचं, वेलींचा पूल ओलांडायचा, फोटो काढायचे आणि रात्री परत यायचं, असा एका दिवसाचा बेत बरेच जण आखतात. तेवढ्यासाठी इतकी लांबची वाट तुडवू नका. दोन रात्री काढता येत असतील तरच जा. या खोऱ्यात पाहायचा तो उतार. उतारावरची माती कशी टिकते हे खानदेशातल्या धडगाव-अक्कलकुव्याच्या किंवा साक्रीच्या पश्चिम पट्ट्यातल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

आपल्याकडचे डोंगर लाव्हाच्या आडव्या थरांचे आहेत. म्हणून तोरणमाळचा माथा सपाट आणि कडे उभे. इयाचा दगड वेगळा. समुद्रतळाचा गाळ जमिनीत खोल जाऊन प्रचंड दाबाखाली भाजला गेला आणि त्याचा पापुद्र्या-पापुद्र्यांचा, हिरवट राखाडी शिस्ट झाला. हे पापुद्रे तिरके बसलेत, त्यामुळे डोंगर हळूहळू घसरत असतो. जिथे दरड पूर्वी सरकली तिथे माती भुसभुशीत असते आणि झरे फुटतात. वस्ती नेमकी तिथेच झाली. नदीकाठी घर बांधायला जागाच नाही. तळाची घळ इतकी अरुंद की ऊनही जेमतेम पोचतं. त्यामुळे घरं वर आणि नदी कुठेतरी खाली, असं चित्र खोरंभर दिसतं.

हे सगळ्यात नीट दिसतं ओचिआई गावात. सगळ्यात खालचं घर आणि सगळ्यात वरचं घर यांत साधारण 390 मीटरचा फरक आहे. समोरच्या डोंगरावर गाव पाहण्यासाठी खास जागा केली आहे. आधी तिथून बघा, मग गावात उतरा. गावातल्या गावात फिरताना मात्र शेतं लोकांची आहेत हे लक्षात ठेवा, पायवाट सोडू नका.

या भागातल्या बहुतेक शेतांना ना बांध, ना पायऱ्या. काही ठिकाणी 40 अंशांपर्यंतचा उतार जसा आहे तसाच कसतात. माती पावसाबरोबर खाली कशी जात नाही? जातेच. ती दरवर्षी कुदळीने, फावड्याने ओढून पुन्हा वर नेतात. आणि ती कमी जावी म्हणून काया नावाचं उंच गवत वापरतात. शरद ऋतूत ते कापायचं, पेंढ्या बांधायच्या आणि शेतालगत त्यांची शंकूसारखी उभी गंजी रचायची. या गंजीला तिथे कोएगुरो म्हणतात. लांबून आपल्या कडब्याच्या गंजीची आठवण होते, पण हा चारा नाही. हिवाळाभर वाळलेलं गवत वसंतात बारीक करून शेतात पसरतात. पावसाचा थेंब आधी गवतावर पडतो, माती निसटत नाही, ओल टिकते, आणि गवत कुजलं की त्याचंच खत होतं. या पद्धतीला 2018 मध्ये जागतिक कृषी वारसा म्हणून मान्यता मिळाली. पिकं कोणती? बटाटा, बकव्हीट म्हणजे कुट्टू, राळा आणि नागली. हो, आपलीच नागली. तिचं जपानी नाव शिकोकुबिए. शेतात कणसं दिसली तर पायवाटेवरूनच नीट बघा, बोटं मिटलेल्या मुठीसारखं तेच कणीस.

आता पूल. इयाचा काझुराबाशी, म्हणजे वेलींचा पूल, 45 मीटर लांब, 2 मीटर रुंद आणि पाण्यापासून 14 मीटर उंच आहे. 1185 मध्ये युद्ध हरलेल्या तायरा घराण्याचे लोक या खोऱ्यात लपले आणि शत्रू आला तर झटक्यात तोडता यावेत म्हणून त्यांनी वेलींचे पूल बांधले, अशी आख्यायिका आहे. वेल आहे किवी फळाच्या रानटी भावंडाची. तो विस्तवावर शेकून मऊ करतात, मग वळवतात. ओलीने वेल कुजतो, म्हणून दर तीन वर्षांनी पूल नव्याने विणतात. आत पोलादी तारा आहेत, तेव्हा तुटायची भीती नको. भीती आहे ती पायाखालच्या फटींची. आडव्या लाकडांमधून पाऊल आत जाईल एवढी जागा असते आणि खाली थेट नदी दिसते. टाचांच्या चपला किंवा गुळगुळीत तळाचे बूट घालू नका, पावसात लाकूड निसरडं होतं. मोबाईल गळ्यात दोरीने अडकवा, खिशातून निसटला की गेलाच. पूल एकाच दिशेने ओलांडता येतो, मध्येच मागे फिरता येत नाही; लहान मूल घाबरणारं असेल तर आधीच ठरवा. तिकीट साधारण 550 येन. सकाळी आठला उघडल्या उघडल्या गेलात तर रांग टळते.

गर्दी नको असेल तर खोऱ्यात आणखी आत, ओकु-इयाला जोडपूल आहेत. नवरा पूल साधारण 44 मीटरचा, बायको पूल 22 मीटरचा. हे डिसेंबर ते मार्च बंद असतात.

खोऱ्याजवळच्या ओबोकेच्या घळीत अर्ध्या तासाची नौकाफेरी होते. तिरक्या पापुद्र्यांचा दगड हात लावण्याइतका जवळून दिसतो, तेवढ्यासाठी ती जरूर घ्या. पाणी वाढलं की नौका बंद. सप्टेंबरातल्या वादळांच्या दिवसांत हे हमखास होतं.

त्सुरुगी डोंगर 1955 मीटर. मिनोकोशीहून खुर्चीच्या लिफ्टने 15 मिनिटं, पुढे सुमारे 40 मिनिटांची चढण. माथा बुटक्या बांबूगवताने झाकलेला आहे आणि त्यावरून लाकडी वाट जाते. गुडघे दुखणाऱ्यांनाही जमेल.

जायचं कसं? ओकायामाहून नानपू नावाची एक्सप्रेस सुमारे एक तास पन्नास मिनिटांत ओबोकेला पोचते. पूर्ण शिकोकूचा रेल्वे पास घेतलात तरी तो कोजिमा स्थानकापासून लागू होतो. ओकायामा ते कोजिमाचं तिकीट वेगळं काढावं लागतं, इथे पुष्कळ जण फसतात. ओबोकेहून पुलापर्यंत बस आहे, पण दिवसातून मोजक्याच फेऱ्या, आणि सुट्टीचं वेळापत्रक वेगळं. ओकु-इयाला तर बसच्या भरवशावर जाऊच नका. आरटीओतून काढलेला आपला आंतरराष्ट्रीय परवाना जपानमध्ये चालतो आणि गाडीही आपल्यासारखी डाव्या बाजूनेच. रस्ते मात्र एका गाडीपुरते. समोरून कुणी आलं तर रुंद जागेपर्यंत मागे घ्यावी लागते, म्हणून लहान गाडीच भाड्याने घ्या आणि खोऱ्यात शिरण्याआधी टाकी भरा.

शाकाहारी माणसाची खरी अडचण जेवणाची. इयाचे सोबा म्हणजे नूडल्स कुट्टूचे, जाडसर, आखूड आणि तुटके. चव उत्तम, पण ज्या रश्श्यात ते येतात तो बहुधा सुक्या मासळीचा असतो. बटाटा, टोफू आणि कोन्न्याकू (एका कंदाच्या पिठाची जेलीसारखी वडी) काडीला लावून मिसो, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचा लगदा, फासून भाजतात, त्याला देकोमावाशी म्हणतात. मिसोतही मासळीचा अर्क असू शकतो, म्हणून नुसतं मीठ लावून मागा. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, शेव असं कोरडं सोबत न्या. ताजी फळं, मिरच्या, बियाणं नेऊ नका, विमानतळावर काढून घेतात.

वेळ निवडायची तर नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा. खोऱ्यातली पानं लाल झालेली असतात, शेतालगत गंज्या उभ्या राहू लागतात, जोडपूल आणि त्सुरुगीची लिफ्ट दोन्ही चालू असतात. दिवाळीची सुट्टी बऱ्याचदा याच सुमाराला येते. शनिवार-रविवारी जपानी लोकच मोठ्या संख्येने येतात, म्हणून खोली दोन-तीन महिने आधी धरा आणि रात्रीसाठी जाड स्वेटर घ्या. जळगावचा हिवाळा तिथल्या थंडीपुढे काहीच नाही.